तीन आटे

घटस्फोटाच्या कागदांवर सगळ्याची वाटणी झाली होती. घर माझं, गाडी त्याची. सासूबाई कुणाच्या, हे मात्र वकिलांनी लिहिलं नव्हतं. ते त्यांनी स्वतःच ठरवलं. "त्याची खोली चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि माझा गुडघा हा असा. माझं बाथरूम जिथे आहे तिथे मी राहणार," असं त्यांनी जाहीर केलं आणि विषय संपला. सतरा वर्षं ज्यांच्याशी मी रोज कशावरून तरी वाद घातला त्या माझ्याकडे राहिल्या, आणि ज्याच्याशी कधी धड भांडणही झालं नाही तो गेला.

लोकांना वाटतं, काहीतरी घडलं असणार. काही घडलं नव्हतं. एका संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "आपण असंच किती दिवस राहायचं?" मी म्हणाले, "नको राहू या." मग आम्ही ताटं उचलली. मी दातांची डॉक्टर आहे. दिवसातून आठ-दहा जबडे बधिर करते आणि प्रत्येकाला तेच सांगते: दोन तास काही खाऊ नका, गाल चावला जाईल आणि तुम्हाला कळणारही नाही. त्या संध्याकाळनंतर आठ महिने मी स्वतः तशीच होते. सह्या केल्या, त्याचं कपाट रिकामं केलं, पलंगाला नव्या चादरी आणल्या. कुणी विचारलं तर "बरी आहे" म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. कुठेच काही दुखत नव्हतं.

गाडी तेवढी जाईना. गाडी म्हणजे त्याची ती स्पोर्ट्स कार, गडद निळी, दोनच माणसांची, जमिनीला टेकलेली. सासूबाई तिच्यात आयुष्यात एकदाच बसल्या. उतरताना दोन शेजारी हाताला धरायला आले तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "पुढच्या वेळी क्रेन बोलवा." वकिलाने कागदात लिहिलं होतं, 'गाडी चालू स्थितीत नेण्यात येईल.' आणि इथेच माशी शिंकली. इंजिनाच्या पाठीमागे, इंजिन आणि सीटांच्या मधल्या पत्र्याला जवळजवळ चिकटून, एक वीतभर वाकडी रबरी नळी आहे. इंजिन थंड ठेवणारं कूलंट तिच्यातून गाडीच्या हीटरकडे जातं. ती नळी चिरली आहे, असं त्याचं म्हणणं. गळत होतं हे खरं. सासूबाईंनी गाडीखाली पुठ्ठा अंथरला होता आणि त्याच्यावर हिरवे डाग वाढत चालले होते.

मग हा माणूस दर रविवारी अकरा वाजता हजर. हातात अवजारांची पेटी. घरात यायचा नाही, तसा शहाणा. सरळ गॅरेजमध्ये जायचा, गाडी दोन्ही बाजूंनी जॅकवर उचलून ठेवायचा आणि खाली शिरायचा. बाहेर फक्त पाय. सासूबाई स्टूल घेऊन त्या पायांशेजारी बसायच्या, मांडीवर मटारच्या शेंगांचं भांडं. शेंगा सोलत त्या त्याला आठवडाभराचं सगळं सांगायच्या: गुडघा, शेजारणीचं कुत्रं, मी भाजीत मीठ किती कमी घालते. त्या पायांमधून उत्तरं यायची. "हं." "मग?" "डॉक्टरला दाखवलंस का?" समोरासमोर बसला तर तो आईशी तीन वाक्यांच्या पुढे बोलायचा नाही, पहिल्यापासून. एकदा मी कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायला गेले तेव्हा गाडीखालून चक्क हसण्याचा आवाज आला. त्याचं हसणं मी किती वर्षांत ऐकलं नव्हतं, याचा हिशोब मी केला नाही. पिशवी ठेवली आणि आत आले.

ते दोन तास मला घरात बसवेना. पाना पत्र्यावर आपटल्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचा. मग मी बाहेर पडायचे आणि दुकानांतून उगाच फिरायचे. घरात तीन नवे झारे आले, ते याच रविवारांचे. परत येईपर्यंत तो गेलेला असायचा आणि सासूबाई सांगायच्या, "बाळ म्हणाला, पार्ट अजून आला नाही." बाळ एकोणपन्नास वर्षांचा. नवी नळी त्याने आमच्याच पत्त्यावर मागवली होती, कारण दिवसा त्याच्या खोलीवर कुणी नसतं. पहिल्या महिन्यात त्याला गाडीसाठी त्याच्या इमारतीच्या तळघरात जागा मिळाली. चार महिने झाले, नळी येईना. मी माझ्याकडून एका मेकॅनिकला बोलावलं. त्याने बॉनेट उघडलं, वाकून पाहिलं, मान हलवली. "मॅडम, हात जात नाही तिथे. इंजिन हलवावं लागेल. गाडी वर्कशॉपला आणून टाका." गळकी गाडी कशी आणून टाकू, असं विचारलं तर तो बॉनेट लावून निघाला. सासूबाई मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "जाऊ दे. बाळ करेल."

मला माझा रविवार परत हवा होता, बाकी काही नको. गाडी एकदाची गेली की तो येणार नाही, तो आला नाही की संपलं.

एका शनिवारी चादरी बदलताना सासूबाईंच्या कपाटातली जाड रजई काढली, तर तिच्याखाली खाकी पुठ्ठ्याचं पाकीट. त्यावर त्याचं नाव, आमचा पत्ता आणि चार महिन्यांपूर्वीची तारीख. पाकीट एका बाजूने उघडून पुन्हा चिकटपट्टीने बंद केलेलं होतं. आत वाकडी काळी नळी, नवी कोरी, आणि दोन क्लिपा.

मी ते नाश्त्याच्या टेबलावर, त्यांच्या बशीशेजारी ठेवलं.

"हे कुठे मिळालं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या रजईखाली."

"अगं बाई. मला वाटलं, औषधं असतील."

"उघडून पाहिलंत की."

"पाहिलं. काळं काहीतरी होतं. मला त्यातलं काय कळतंय?" त्यांनी चहाचा घोट घेतला. वेळ मारून नेण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही.

मला राग यायला हवा होता. आला नाही. चार महिने म्हणजे सोळा-सतरा रविवार, एवढंच डोक्यात आलं. "आज मीच बसवते," मी म्हणाले. "उद्या तो येईल तेव्हा गाडी घेऊन जाईल."

"तुला येतं?"

"दाढेच्या मागे जागा किती असते, माहिती आहे ना?"

त्या उठल्या. बशी धुऊन आल्या आणि म्हणाल्या, "टॉर्च मी धरते."

फोनवर दोन जणांचे व्हिडिओ मी पाहिले. दोघंही "एकदम सोपं" म्हणत होते आणि नेमकं तिथे आल्यावर दोघांचेही हात दिसत नव्हते. इंजिन गार होतंच. खालचं बूच उघडून कूलंट बादलीत काढलं. हवेचा मोठा काळा पाइप वरून सोडवला, एक पट्टी काढली. तरीही मागे जी फट राहिली तिच्यात मनगटच जाईल, कोपर नाही. त्याचे हात माझ्या दीडपट. तो हे खालून करत असणार, उलटा झोपून, आंधळेपणाने. मी वरून शिरले. दवाखान्यातून आणलेला छोटा लांब दांड्याचा आरसा डाव्या हातात धरला, उजव्यात आखूड स्क्रू ड्रायव्हर. आरशात पाहून उलट्या दिशेने काम करणं ही माझी रोजची सवय आहे. इथे फक्त पेशंट गप्प होता.

"टॉर्च इकडे, आई."

"इकडेच आहे."

"तुम्ही माझ्या कानावर धरलाय."

उजेड कानावरून खांद्यावर गेला, तिथून भिंतीवर. "आत, आत धरा. पत्र्याच्या बाजूला."

"हात दुखतोय माझा."

"मग बसा."

"बसते कशाला? धरते ना." उजेड पुन्हा भलतीकडे. हे मुद्दाम चाललंय हे मला कळत होतं, आणि मला ते कळतंय हे त्यांना कळत होतं. आम्ही दोघीही कानाडोळा करत होतो. अर्ध्या तासाने तो उजेड आपोआप स्थिर झाला. कदाचित त्या थकल्या असतील.

आरशात क्लिपेचं डोकं दिसलं. गोल पट्टी, तिला एक स्क्रू. सगळीकडे धूळ आणि काळा थर होता, पण त्या स्क्रूच्या खाचेत ताजे, चकचकीत ओरखडे होते. कुणाचा दात कशाने झिजलाय हे मी तोंड उघडल्याबरोबर सांगते. हे ओरखडे आठवड्याच्या आतले होते.

क्लिप काढायला जोर लागलाच नाही. दोन्ही टोकं सुटली, नळी ओढून बाहेर काढली आणि मी ती उजेडात धरली. वाकवली. पिळली. एका टोकाला अंगठा दाबून दुसऱ्या टोकातून पाणी भरलं. रबर मऊ होतं, जाड होतं. कुठेही चीर नव्हती, टाचणीएवढीसुद्धा नाही. रबरावर फक्त एक खोल गोल खाच होती, क्लिप पूर्वी घट्ट बसलेली असतानाची. मी क्लिप पुन्हा नळीवर चढवली आणि त्या खाचेत बसेपर्यंत स्क्रू फिरवून पाहिला. तीन आटे.

म्हणजे नळी कधी चिरलीच नव्हती. तो दर रविवारी गाडीखाली शिरत होता, क्लिप तीन आटे सैल आहे ना ते बघत होता, वर थोडं कूलंट ओतत होता आणि पुढच्या रविवारची सोय करून जात होता. हे माझ्यासाठी नव्हतं. तो आला की मी घराबाहेर पडते हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आईला भेटायला येतो म्हणून सरळ येऊन बसणं त्याला जमत नव्हतं. हातात पाना आणि तोंडावर गाडी असली की जमत होतं. आणि ज्याला यायचं तो आपणहून येतो असं म्हणणारी त्याची आई त्याला कधी ये म्हणाली नसती. ती रजईखाली नळी दडवून बसली होती. एक गळवतोय, दुसरी लपवतेय, आणि दोघांनाही एकमेकांचं काही ठाऊक नाही.

"चिरली होती ना?" सासूबाईंनी मागून विचारलं.

"हो," मी म्हणाले. "चांगलीच."

खोटं का बोलले, मला सांगता येणार नाही. त्या क्षणी मला त्यांची दया वगैरे काही आली नाही. मी जुनी नळी फळीवर ठेवली आणि नवी हातात घेतली. खरं म्हणजे जुनीच तीन आटे आवळून भागलं असतं. पण नवी बसवायची ठरली होती. ती पाण्याने ओली केली, आत ढकलली, आणि क्लिपा आधी तिच्यावर चढवायच्या राहिल्या हे ती पूर्ण बसल्यावर लक्षात आलं. मी एक शिवी दिली. सासूबाईंनी, बहुधा पहिल्यांदाच, मला काही सुनावलं नाही. सगळं पुन्हा काढलं, पुन्हा बसवलं. दुपारी तीन वाजता कूलंट भरलं, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू केलं, बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहिली. सासूबाईंनी जुना पुठ्ठा काढून नवा अंथरला. तो संध्याकाळपर्यंत कोरडा राहिला. त्या दर पंधरा मिनिटांनी येऊन तो बघून जात होत्या.

रविवारी मी बाहेर गेले नाही. सोक्षमोक्ष लागताना घरी असावं असं वाटलं. तो अकराला आला, पेटी घेऊन. मी दारातूनच म्हणाले, "पार्ट आला होता. बसवला मी काल."

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. आई शेंगांच्या भांड्याकडे बघत होती. तो गाडीखाली शिरला. काही करायचं नव्हतं, तरी पाच-सात मिनिटं त्याचे पाय तसेच दिसत राहिले. बाहेर आला तेव्हा त्याचे हात स्वच्छ होते.

"बोट ठेवायला जागा नाही," तो म्हणाला. "आरशातून केलंस?"

"हो."

मग त्याला फळीवरची जुनी नळी दिसली. त्याने ती उचलली नाही. नुसतं पाहिलं, मग मी पाहतेय का ते पाहिलं. मी पाहत होते. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो घाबरला की तेवढंच होतं, बाकी चेहरा मख्ख.

"मग मी निघतो," तो म्हणाला.

पेटी शेजारच्या सीटवर ठेवून तो आत बसला. सासूबाई गाडीच्या दारापर्यंत गेल्या. गाडी एवढी बुटकी की त्याचा चेहरा बघायला त्यांना कंबरेत वाकावं लागलं असतं आणि गुडघा वाकू देत नव्हता. त्यामुळे त्या गाडीच्या टपाशी बोलल्या. "जपून चालव. जेवत जा वेळेवर." आतून तो काय म्हणाला ते इंजिनाच्या आवाजात त्यांना ऐकू आलं नाही. त्या "हो, हो" म्हणाल्या. गाडी गेली. गॅरेज एकदम मोठं वाटायला लागलं.

झालं. मला हवं तसं झालं. पुढच्या रविवारी मी दहापर्यंत झोपले.

त्यानंतर तो आला नाही. बुधवारी फोन करायचा. सासूबाई उभ्यानेच बोलायच्या. "बरी आहे. हो. तू? बरं. ठेवते." दोन मिनिटंही नाही. त्या पूर्वीसारख्याच वागत होत्या, मीठ कमी असलं तर सांगत होत्या. मी मनात म्हटलं, माणसं सावरतात. सह्या झाल्यावर मीसुद्धा तसंच म्हटलं होतं.

तिसऱ्या रविवारी साबण कुठे ठेवलाय ते विचारायला मी त्यांना हाक मारत घरभर फिरले. त्या गॅरेजमध्ये होत्या. जिथे गाडी असायची त्या जागेच्या कडेला स्टूल, मांडीवर मटारचं भांडं. पुठ्ठा उचलला होता तरी खालच्या फरशीवर हिरवट डाग राहिला होता, आणि त्या त्याच्याकडे तोंड करून शेंगा सोलत होत्या. तोंडाने काही बोलत नव्हत्या. पण एक शेंग सोलली की जरा थांबायच्या, कुणीतरी "मग?" म्हणेल तेवढं थांबायच्या, आणि पुढची उचलायच्या.

मला वाईट वाटलं. आठ-नऊ महिन्यांत पहिल्यांदा, आणि चांगलंच वाटलं. बधिर भाग जागा होताना आधी मुंग्या येतात, मग दुखतं. मी पेशंटना सांगते, दुखेल, घाबरू नका. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. माझा रविवार मी मिळवला होता आणि तो कुणाचा होता ते आत्ता मला दिसत होतं. मी हाक न मारता मागे फिरले.

स्वयंपाकघराचं दार लावून त्याला फोन केला. कागदांवर सह्या झाल्यापासून मी त्याला फोन केला नव्हता. त्याने लगेच उचलला. "आईला काही झालं?"

"नाही. गाडीबद्दल आहे."

"गाडी मस्त चाललीये."

"मागची क्लिप मी नीट आवळलेली नाही."

सतरा वर्षं तो माझ्याबरोबर राहिला होता. मी भरलेला दात कधी निघालेला नाही, मी लावलेलं झाकण त्याला कधी उघडता आलेलं नाही.

"तू?" तो म्हणाला. "तू आवळली नाहीस?"

"घाईत होते."

"पण गळत नाहीये."

"गळेल," मी म्हणाले. "तीन आटे सैल आहे."

त्याने घसा साफ केला. "मग आणावी लागेल."

"आणावीच लागेल. एका खेपेत होईलच असं नाही."

"नाही, ती जागा अवघड आहे," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज मला नीट ओळखू आला नाही. "किती वाजता?"

"नेहमीच्या वेळी. आणि तू आलास की मी बाहेर निघून जाईन असं समजू नकोस. मी घरातच असेन."

फोन ठेवला आणि माळ्यावरून एक मोठा पुठ्ठा काढला. गॅरेजमध्ये जाऊन तो हिरव्या डागावर अंथरला. सासूबाईंनी शेंगांचं भांडं बाजूला घेतलं.

"हे काय?"

"पुढच्या रविवारी गाडी येतेय. गळतेय पुन्हा."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. डोळे अजून चांगलेच तीक्ष्ण आहेत त्यांचे. "तू तर घट्ट बसवली होतीस. मी स्वतः टॉर्च धरला होता."

"तुम्ही टॉर्च हलवत होतात," मी म्हणाले.

त्यांनी हातातली अर्धी सोललेली शेंग भांड्यात टाकली. मग स्टूल थोडंसं मागे सरकवलं, माणसाचे पाय मावतील एवढं.

"हो," त्या म्हणाल्या. "हललाच असेल माझा हात."